अक्कांनी ओळखलेलं कथील

तंजावुरात चित्र म्हटलं की सोनं आलंच. फळीवर चिकटवलेलं कापड, त्यावर चुन्याचा उठाव, काचेचे खडे, सोन्याचा वर्ख आणि मधोमध गुबगुबीत बाळकृष्ण. मी एकतीस वर्षं इथल्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. दर वर्षी कुणी ना कुणी पालक विचारायचेच, "टीचर, मुलीला वर्ख लावायला कधी शिकवणार?"

मला मात्र वेड होतं भलत्याच चित्रांचं. चेन्नईला शिकत असताना फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं. जुन्या काळच्या हॉलंडमधली चित्रं. त्यात देव नव्हते, राजे नव्हते. बायका होत्या. कुणी कढई घासतेय, कुणी कंद सोलतेय, कुणी अंगण झाडतेय, एक आई मुलीच्या डोक्यातल्या उवा बघतेय. मागे भिंतीला टोपली टांगलेली, खाली बादली, टेबलावर अर्धा कापलेला पाव. ते पुस्तक घेऊन मी सुट्टीत घरी आले, तेव्हा आईने चष्मा लावून दोन-चार पानं उलटली आणि आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाली, "भांडीं घासणारीचें चित्र काढायला येवढा खटाटोप? आपल्या मोरीत ये म्हणावें त्याला."

निवृत्त झाल्यावर घरात मी आणि आई, दोघीच राहिलो. आईने तेव्हा ऐंशी ओलांडली होती. घर नव्या वसाहतीतलं, तीन खोल्यांचं, मागे नळ आणि भांडी घासायचा दगड. शनिवार-रविवारी पाच-सहा मुली गच्चीवर चित्रं काढायला यायच्या. घरकामाला अक्का होत्या. त्या तिरुवैयारूच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून टाउन बसने यायच्या, साडेसहाला फाटक वाजायचं. एकोणीस वर्षं त्या आमच्याकडे आहेत. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच, पण त्यांना अक्का म्हणायची सवय आईने लावली आणि तीच राहिली. त्या मला टीचर म्हणतात आणि आईला पेरियम्मा, म्हणजे मोठी आई. त्यांचं-माझं बोलणं तमिळमध्ये. इथे मी ते मराठीत लिहितेय.

एका सकाळी रविवारच्या वर्गासाठी ते पुस्तक मी जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं होतं. अक्कांचं काम संपलं होतं. हात पुसत त्या कॉफीची वाट बघत उभ्या होत्या.

"टीचर, ही कोण?"

चित्रात एक बाई खिडकीपाशी उभी राहून मासे साफ करत होती. शेजारी टेबलावर उंच मानेचा तांब्या.

"कुणी नाही. त्या घरात कामाला असेल."

"मोठ्या घरची नाही?"

"नाही."

"मग काढलं कशाला?"

मी शाळेत द्यायचे तेच उत्तर दिलं. साध्या माणसांच्या साध्या कामातही त्या चित्रकारांना सौंदर्य दिसलं, वगैरे. अक्का ऐकत नव्हत्या. त्यांचं बोट त्या तांब्यापाशी थांबलं होतं.

"यांच्याकडेपण ईयचोंबू असतो?"

ईयचोंबू म्हणजे कथलाचा तांब्या. आमच्या भागात रसम त्यातच करतात. दिसायला राखाडी, हाताला मऊ, आणि त्यातल्या रसमला जी चव येते ती स्टीलला नाही. आमच्याकडेही एक होता, आईच्या लग्नातला.

"अक्का, ती चांदी आहे," मी म्हटलं.

"चांदी?" त्या वाकून बघायला लागल्या. "चांदी घासली की डोळ्यांत येते, टीचर. हे बघा, हे आतल्या आत चमकतंय. आणि इथे पोचा आलाय. किती मऊ पोचा आहे! आपल्या चोंबूला कडेला आहे ना, तस्सा. हे ईयमच."

चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरांत टीप होती. ती मी इतक्या वर्षांत कधी नीट वाचली नव्हती. तांब्याचा धातू तिथे दिला होता, प्यूटर. डिक्शनरी काढली. मुख्यतः कथील.

वीस वर्षं मी हे चित्र वर्गात दाखवत आले होते. "बघा मुलींनो, चांदीवर प्रकाश कसा पडतो," असं दर वर्षी नव्या वर्गाला सांगत होते. मला आधी लाज वाटली आणि मग हसू आवरेना. अक्का गोंधळून बघत राहिल्या. "काय झालं? चुकलं का माझं?"

"तुमचं नाही, माझं चुकलं. वीस वर्षं चुकत होतं."

त्या दिवसापासून आमचा एक नेमच झाला. काम संपलं की कॉफीचा पेला घेऊन अक्का खुर्चीवर टेकायच्या आणि मी एक पान उघडायचे. एका दिवशी एकच चित्र, हा त्यांचाच नियम. मी रंग आणि रचना बघायला शिकले होते. त्या काम बघायच्या. "हिची कंबर दुखतेय. सगळा भार एका पायावर टाकलाय बघा." "ही आत्ताच बोलणी खाऊन आलीय." "हिने फरशी पुसून फार वेळ झाला नाही, बादली अजून उचललेली नाही." एका चित्रातली झाडू घेतलेली सुंदर मुलगी मला फार आवडायची. तिच्याकडे अक्कांनी दोन घोट संपेपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ही खोटी आहे."

"खोटी म्हणजे?"

"झाडणाऱ्या बाईच्या बाह्या अशा असतात? हिला झाडू हातात देऊन उभी केलीय. हिने आयुष्यात केर काढलेला नाही."

मला ते पटलं. मी पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने त्यांची वाक्यं लिहून ठेवायला लागले. आई मराठी नुसती बोलते, आमच्या घरात देवनागरी वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे काय लिहिलंय हे कुणाला कळायची भीती नव्हती. आणि तिथूनच माझ्या डोक्यात शिरलं की आपणही असं चित्र काढावं. अक्कांचं. मागच्या दगडापाशी बसून, चिंचेने पितळी कुडम, म्हणजे घागर, घासतानाचं.

त्यांना विचारावं हे मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण विचारलं तर त्या अवघडून बसतील आणि त्या झाडूवाल्या मुलीसारखं खोटं होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तीन सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पेन्सिलीने रेखाटनं केली. चौथ्या दिवशी अक्का भांड्यांच्या पावडरचा डबा घ्यायला अचानक आत आल्या आणि ओट्यावरचा कागद त्यांना दिसला.

त्यांनी तो उचलून उजेडात धरला. कागदावर त्या उकिडव्या बसल्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, तोंड घामेजलेलं. चित्र चांगलं उतरलं होतं. कदाचित तेच वाईट झालं.

"हे कशाला, टीचर?"

"तुम्हीच तर सांगितलंत, खरं काम कसं दिसतं ते…"

"मी त्या बायकांबद्दल सांगितलं." त्यांचा आवाज चढला नाही. "माझी मुलगी पापनाशमला दिली आहे. जावई सोसायटीच्या ऑफिसात. तिच्या सासरी सांगितलंय की मी टीचरच्या घरी असते, पेरियम्माची देखभाल करते. हे खोटं नाही. पण असं बसलेली मला त्यांनी का बघावी?"

"हे मी कुणाला दाखवणार नव्हते."

"मग काढलं कशाला?" मासे साफ करणाऱ्या बाईबद्दल विचारला होता तोच प्रश्न. मग त्या म्हणाल्या, "त्या पुस्तकातल्या बायकांना कुणी विचारलं होतं का?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे," अक्का म्हणाल्या.

मी तिन्ही कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी घडी घालून कमरेला खोचले आणि राहिलेली भांडी घासायला गेल्या. त्या दिवशी कॉफी त्यांनी उभ्यानेच प्यायली. पुढचे पंधरा दिवस त्या वेळेवर येत होत्या, काम करत होत्या, आईशी हसून बोलत होत्या. माझ्याशी कामापुरतं. पुस्तक मी कपाटात ठेवून दिलं. माफी मागायची होती, पण रोज सकाळी ती उद्यावर जायची.

मग ते झालं. मागच्या दगडाजवळ पाणी तुंबून शेवाळ धरलं होतं. अक्कांनी मला तीनदा सांगितलं होतं की गटाराचं तोंड साफ करून घ्या. मी प्लंबरला फोन करीन करीन म्हणत राहिले. एका सकाळी नुसता धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ कुडम गडगडत गेल्याचा. मी धावले तेव्हा अक्का कुशीवर पडल्या होत्या आणि उजवा हात छातीशी धरून म्हणत होत्या, "काही नाही, काही नाही." मनगट बघूनच कळत होतं की काही नाही असं नाही.

ऑटोतून सरकारी दवाखान्यात नेलं. एक्स-रे, प्लास्टर, सहा आठवडे. बाकावर बसलो असताना मी म्हटलं, "अक्का, माझ्यामुळे झालं हे. शेवाळाचंही आणि त्या दिवशीच्या चित्रांचंही. मला माफ करा."

त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "शेवाळाचं तुमचंच," त्या म्हणाल्या.

त्यांच्या गावातली दुसरी कुणी बाई मिळते का असं शेजारणीने विचारलं. मी नको म्हटलं. पगार चालू ठेवायचा आणि काम आपण करायचं, असं मी ठरवलं होतं. तोवर मला वाटत होतं की घरकाम मला येतं. मी चहाचे कप विसळत होते, त्याला मी काम समजत होते. आठ दिवसांत चिंचेने बोटांच्या कडा सोलवटल्या, नखं काळी झाली, पाठ वाकली की सरळ होईना. पितळेवर माझे हात फिरले की ते आधीपेक्षा मळकट दिसायचं.

आणि नवव्या दिवशी मी आईचा ईयचोंबू वितळवला.

कथलाचं भांडं रिकामं विस्तवावर ठेवायचं नसतं. आधी चिंचेचं पाणी, मग गॅस. हे या भागातल्या कोणत्याही मुलीला ठाऊक असतं, मलाही होतं. पण त्या दिवशी मी घाईत चोंबू शेगडीवर ठेवला, गॅस लावला आणि फाटकात कुणी आलं म्हणून गेले. परत आले तर चोंबूचं बूड नव्हतं. शेगडीवर चकचकीत पाण्यासारखे ओघळ होते आणि वरचा गळा तिरका होऊन हळूहळू त्यांत बसत होता. गॅस बंद करून मी तिथेच जमिनीवर बसले.

आई काठी टेकत आली. तिने शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "भाजलें नाहीं ना गे तुज?"

"नाही."

"मग ऊठ." आणि थोड्या वेळाने, खुर्चीवर टेकल्यावर, "माझ्या आईनें कुंभकोणांत करून घेतला होता. आज रसम नको मज. ताक दे."

दुसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, साडेसहाला फाटक वाजलं. गळ्यात झोळी बांधून, प्लास्टरचा हात त्यात ठेवून अक्का उभ्या होत्या. "घरात बसून वेड लागेल," त्या म्हणाल्या आणि सरळ मागच्या अंगणात गेल्या. शेवाळ खरवडून मी दगड पांढरा केला होता. तो पायाने चाचपून त्यांनी पाहिला. मग भांड्यांचा ढीग पाहिला. मग माझे हात.

"अय्यो, टीचर!"

मी त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या आणि मी दगडापाशी. पुढचा महिनाभर तेच चाललं. त्या बसून सांगायच्या आणि मी करायचे. "खांद्याने नका घासू, कंबरेतून ढकला. खांदा दोन दिवसांत जाईल." "आधी स्टील, मग पितळ. चिंचेचं पाणी स्टीलवर कशाला वाया घालवता?" "नारळाचा काथ्या ओला करून घ्या, कोरडा ओरबाडतो." त्या शिक्षिका म्हणून माझ्यापेक्षा कडक निघाल्या. एकदा मी पुढे झुकून एका पायावर भार टाकलेला त्यांनी बघितला आणि खो-खो हसल्या. "आता तुमचं चित्र काढायला पाहिजे."

तो विषय त्यांनीच काढला म्हणून मला धीर आला. त्या दिवशी कॉफीबरोबर मी पुस्तक बाहेर काढलं. त्यांनी नको म्हटलं नाही.

वितळलेल्या चोंबूचा गोळा मी डब्यात ठेवला होता. तो अक्कांनी पाहिला आणि ठरवूनच टाकलं की कुंभकोणमला जायचं. आईपाशी शेजारीण बसली आणि आम्ही दोघी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. पापनाशम आल्यावर अक्का खिडकीतून वाकून बघत राहिल्या, जणू मुलगी फलाटावर उभीच असणार. भातशेतं संपून घरं सुरू झाली तरी त्यांची मान तिकडेच होती.

कुंभकोणमच्या एका गल्लीत एक म्हातारे कारागीर दगडी साच्यावर पत्रा ठोकत बसले होते. त्यांनी गोळा हातात घेऊन वजन पाहिलं. म्हणाले, यात थोडं नवं घालावं लागेल, जुनं थोडं जळून गेलंय. अक्कांना विश्वास नव्हता. "नवं चांगलं कशावरून?" त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्यांनी नव्या कथलाची एक बारीक पट्टी उचलली, अक्कांच्या कानाजवळ धरली आणि वाकवली. "ऐका." अक्कांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी ती माझ्या कानाशी धरायला लावली. कुरकुर असा आवाज येत होता, पायाखाली वाळू रगडल्यासारखा. "शिशाची भेसळ असली तर हे बोलत नाही," म्हातारे म्हणाले.

चार तास आम्ही तिथे बसलो. पत्रा गोल होताना, जोड बसताना, गळा निघताना पाहिला. माझ्या पिशवीत वही होती. मी ती काढली नाही. अक्कांनी ते पाहिलं असावं, कारण म्हाताऱ्यांना त्यांनीच सांगितलं, "या चित्रं काढतात. तुमचं काढलं तर चालेल का?"

ते हसले. "काढा की. पण दात नाहीत, तोंड मिटलेलं काढा."

म्हणून मी काढलं. हात, हातोडी, साचा आणि मिटलेलं तोंड. एक कागद त्यांना दिला, एक मी ठेवला.

परतीच्या गाडीत नवा चोंबू अक्कांच्या मांडीवर होता. डाव्या हाताने त्याचा गळा चाचपत त्या म्हणाल्या, "माझंही काढा. पण मी सांगते तसं."

"कसं?"

"काम संपल्यावरचं. ती पुस्तकातली बाई बघा, सारखी घासतेच आहे. किती वर्षं झाली, अजून तिची कढई संपलेली नाही. माझं काम संपतं, टीचर. सव्वानऊला संपतं. मग मी बसते."

त्या आठवड्यात मी ते चित्र काढलं. अक्का खुर्चीत, पाय लांब केलेले, डाव्या हातात कॉफीचा पेला, उजवा प्लास्टरमध्ये. साडी कोणती नेसायची ते त्यांनी ठरवलं, केसांत अबोली माळली, आणि प्लास्टर झाकायचं का असं मी विचारल्यावर नको म्हणाल्या. मागे पालथी घातलेली भांडी हवीत हेही त्यांनीच सांगितलं. "पण नीट घासलेली काढा. तुम्ही घासलेली नकोत." पाच सकाळी त्या बसल्या. पेन्सिल, मग जलरंग. आई येऊन बघून जायची आणि म्हणायची, "नाक ल्हान जालें."

नव्या चोंबूतलं पहिलं रसम आईने पिऊन पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. "कोरें लागतें अजून. वर्षभर करीत राहा, मग येईल." त्यानंतर मात्र तिने ते रोज मागितलं.

प्लास्टर निघाल्यावर अक्का पुन्हा कामाला लागल्या, पण त्यांच्या मनगटात पहिली ताकद आली नाही. आता जड पितळ माझ्याकडे आहे आणि स्टील त्यांच्याकडे. आम्ही दोघी दगडाच्या दोन बाजूंना बसतो. मला अजूनही त्यांच्याइतकी चकाकी आणता येत नाही, आणि हे त्या मला दर दोन दिवसांनी सांगतात.

गेल्या पोंगलच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. दोन खोल्या, दारात कोलमची मोठी रांगोळी, ऊस भिंतीला टेकवलेला. मी काढलेलं चित्र काचेच्या फ्रेममध्ये टीव्हीच्या वर लावलेलं होतं. पापनाशमची मुलगी आली होती, तिच्या सासूबाईही. मी जरा बिचकूनच आत गेले. सासूबाई चित्राकडे बघून म्हणाल्या, "विहीणबाई अगदी मालकिणीसारख्या बसल्यात."

"बसलेच होते," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "टीचर, हिने काय केलं माहिती आहे? फ्रेम आणली त्या दिवशी बाजारातून चंदनाचा हार घेऊन आली. फोटोला घालायला! मी ओरडले, मी जिवंत आहे अजून!"

मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती. "अम्मा, फ्रेमला हार लागतोच असं मला वाटलं."

अक्कांनी एक सूप पुढे ओढलं. त्यात पोंगलसाठी भिजवलेले वाल होते, त्यांची सालं काढायची होती. त्यांनी अर्धे माझ्या ताटात ओतले, अर्धे सासूबाईंच्या, आणि स्वतः मधे बसल्या.

"अंगठ्याने दाबा, टीचर," त्या म्हणाल्या. "नखाने नाही. नखाने डाळ फुटते."